पाच ते सातचा टोल

घरी आलेला सरकारी माणूस चहाला एकदाही नको म्हणाला नाही, की ओळखावं, आपलं काहीतरी जाणार. वीरभद्रप्पांकडं असा माणूस २००३ सालच्या जानेवारीत आला. उचगावच्या अलीकडं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर सिद्धेश्वर कॉलनी आहे, तिथलं कोपऱ्यावरचं घर त्यांचं. वीरभद्रप्पा हे नाव फक्त रेशनकार्डावर. कॉलनीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात, आपणही आप्पाच म्हणू. तर तो माणूस सोप्यात बसला, चहा प्याला, आप्पांच्या पत्नी रत्नव्वा यांच्या हातच्या दोन कडक भाकऱ्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कडाकडा मोडून खाल्ल्या, चटणीला वा म्हणाला. मग पिशवीतनं लाल रंगाचा डबा काढून त्यानं सोप्याच्या आतल्या भिंतीवर, बसवेश्वरांचा फोटो आणि कॅलेंडर यांच्या मधोमध, एक बाण काढला आणि खाली लिहिलं, '९ फूट'.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"रुंदीकरण. गटार इथनं जाणार," असं म्हणून ज्या खुर्चीवरनं तो नुकताच उठला होता ती खुर्ची त्यानं दाखवली.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" रत्नव्वा म्हणाल्या. "दुसरी भाकरी वाढली नसती मी."

आता नऊ फूट म्हणजे काय, तर अख्खा सोपा. आमच्याकडं घराच्या पुढच्या खोलीला सोपा म्हणतात आणि आप्पांचा सोपा बरोबर नऊ फूट खोल होता. सरकारनं एक वीत जास्त मागितली नव्हती, हे त्यातल्या त्यात. आप्पांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. राहायला कारखान्याची चाळ, दोन खोल्या एकीमागं एक, आणि चूल पहिल्याच खोलीत. आलेला माणूस चप्पल काढली की थेट चुलीपाशी. कुणी सोयरीक घेऊन येवो नाहीतर कुणी मयताचा सांगावा घेऊन येवो, रत्नव्वांनी त्याच्याशी बोलायचं ते पाठमोरं, तव्यावर लक्ष ठेवून. एकतीस वर्षांत त्यांनी पाटल्या मागितल्या नाहीत, काशीयात्रा मागितली नाही. आलेल्या माणसाकडं तोंड करून बसता येईल अशी एक खोली मागितली. आप्पांनी फंड मोडून ती बांधली. रत्नव्वा रोज दुपारी तीनला खिडकीशी खुर्ची टाकून बसत. कुणी आलं नाही तरी बसत.

नोटीस आली तिच्यात कारण दिलं होतं: वाहनांची वर्दळ. ते खोटं नव्हतं. संध्याकाळी पाचला कारखाने सुटले की हायवेवरनं गावात जाणारा मोठा रस्ता सिग्नलपाशी तुंबायचा, आणि ज्याला म्हणून थोडं डोकं आहे तो आमच्या कॉलनीच्या रस्त्यात घुसायचा. कोल्हापुरात डोकं सगळ्यांनाच आहे. त्यामुळं सीट भरून पळणाऱ्या वडापच्या जीपा, दुधाचे टेम्पो, फौंड्रीतल्या कामगारांच्या लुना आणि चुकून आलेला एखादा उसाचा ट्रॅक्टर रत्नव्वांच्या खिडकीखालनं जायला लागला. नोटिशीत नियमही लिहिला होता. तासाला सहाशेच्या वर वाहनं रस्त्यावर येत असतील तर रुंदीकरण, त्याच्या खाली असतील तर नाही. जानेवारीची मोजणी सहाशे चाळीस निघाली होती. दुसरी मोजणी मे महिन्याच्या शेवटी.

"म्हणजे चाळीस गाड्या कमी झाल्या की झालं," आप्पा म्हणाले. "चाळीस म्हणजे काय? काट्यावर आम्ही तीन-तीनशे बैलगाड्या एका दमात लावून दिल्यात. रांग म्हणजे काय ते मला सांगू नका."

त्यांना कुणी सांगत नव्हतं, पण ते असो.

पहिला सल्ला आला हंबीररावांचा. हंबीरराव समोर राहतात. त्यांचं घर सरकारी नकाशात कसं कोण जाणे बरोबर रेषेच्या बाहेर राहिलं होतं, एक विटकूर जात नव्हती, आणि ज्याचं काही जात नाही त्याच्याइतका सढळ सल्ला जगात कुणी देत नाही. ते म्हणाले, "आप्पा, रस्त्यात आडवा बांध घाला. गाड्या आपटल्या की येत्यात कशाला?" आप्पांनी स्वखर्चानं गतिरोधक घातला. तो बघून शेजाऱ्यांना वाटलं, ह्यांच्या दारात आहे आणि आपल्या दारात नाही म्हणजे काय, आपण काय कमी? आठवड्यात दोनशे फुटांत सात गतिरोधक झाले. दूधवाल्याच्या क्यानात कॉलनीच्या तोंडाशी दूध असायचं आणि शेवटाला लोण्याचे गोळे. गाड्यांतली मात्र एकही कमी झाली नाही. त्या सावकाश चालायला लागल्या, एवढाच फरक, त्यामुळं खिडकीसमोर जास्त वेळ दिसायला लागल्या.

"मग मधोमध एक शेंदूर फासलेला धोंडा ठेवा," हंबीरराव म्हणाले. "देवाला कोण हलवतंय?"

आप्पांनी हे तत्त्वात बसत नाही म्हणून नाकारलं. नाकारलं तेच बरं केलं. धोंडा ठेवला असता तर महिन्यात तिथं जत्रा भरली असती आणि जत्रेसाठी रस्ता अठरा फूट मागितला असता.

मग एका रविवारी बंगळुराहून पोराचा फोन आला. श्रीशैल तिथं कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे नेमका कशात आहे ते आप्पांना कळलेलं नाही, पण रविवारी फोन करतो. तो म्हणाला, "आप्पा, लंडनमध्ये ह्याच महिन्यात नवीन सुरू झालंय. गर्दीच्या वेळेला गावात गाडी घालायची तर पैसे भरायचे. बाकीच्या वेळी फुकट. लोक आपोआप वेळ बदलतात, न्हायतर दुसरीकडनं जातात." आप्पांनी फोन ठेवला. हे तर त्यांच्या उसाच्या गाडीतळावर होतं तेच. तिथं टोकन असायचं, इथं पैसे. गोऱ्या साहेबाला जे आता सुचलं ते आपण एकतीस वर्षं करत होतो, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला आणि तिथंच सगळा घोळ झाला. ऊर भरून आलेल्या निवृत्त माणसाला कुणीही आवरू शकत नाही. रत्नव्वांनी प्रयत्न केला. "अहो, लंडनात तुमच्या ओळखीचं कोण न्हाय. हितं सगळी ओळखीची," त्या म्हणाल्या. हे वाक्य खरं तर सोन्याच्या पत्र्यावर लिहून सोप्यात टांगायला पाहिजे होतं. पण बायको बोलली ते कुणी लिहून ठेवतंय होय.

आप्पांनी अकरा पानी अर्ज लिहिला. विषय: गर्दीचे वेळी टोल आकारून वर्दळ कमी करणेबाबत. अर्ज द्यायचा कुणाला हा प्रश्न आला, कारण कॉलनीचा रस्ता कुणाचा यावर दोन खात्यांत अकरा वर्षं पत्रव्यवहार चालू होता. पाडायचं असलं की रस्ता दोघांचाही आणि डांबर टाकायचं असलं की दोघांचाही नव्हे. तीन आठवडे आप्पा एका ऑफिसातनं दुसऱ्या ऑफिसात गेले. एका कारकुनानं अर्ज उलटा धरून वाचला, दुसऱ्यानं सरळ धरला पण वाचला नाही. शेवटी ते उपअभियंता धैर्यशीलसाहेबांच्या टेबलापाशी पोचले. धैर्यशीलसाहेब तरुण, नुकतेच पुण्याला आठ दिवसांचं प्रशिक्षण करून आलेले, आणि प्रशिक्षण करून आलेल्या साहेबाला काहीतरी करून दाखवायचं असतं. त्यांनी अकराच्या अकरा पानं वाचली. आप्पांना गहिवरून आलं.

"संकल्पना उत्तम आहे, आप्पासाहेब," ते म्हणाले. "प्रायोगिक तत्त्वावर करून पाहू. संध्याकाळी पाच ते सात. वसुली खात्याकडे, पावती तीन प्रतींत आणि वाहनांची रोजची नोंद तुम्ही ठेवायची. कार्यालयासाठी जागा?"

"आमचा सोपा आहे की," आप्पा म्हणाले.

एप्रिलच्या एक तारखेला टोल सुरू झाला. तारीख साहेबांनी आर्थिक वर्ष म्हणून निवडली होती. एक वेळू आडवा बांधला, त्याच्या बुडख्याला दगड लटकवला, पाटी लावली: दुचाकी दोन रुपये, चारचाकी पाच रुपये, सायकल फुकट. वेळूपाशी उभं राहायला आप्पांनी पिराजीला बोलावून घेतलं. पिराजी मूळचा राधानगरीकडचा, कारखान्याच्या गाडीतळावर तीस वर्षं काठी घेऊन उभा राहिलेला. नुसत्या ओरडण्यानं बैल मागं सरायचे, असा त्याचा आवाज. माणूस भरवशाचा, पैशाला चोख. फक्त गाडीतळावर टोकन गावाप्रमाणं मिळायचं, त्यामुळं गाडी आली की पहिल्यांदा गाव विचारायचं ही त्याच्या हाडाची सवय होती.

पाच वाजून दोन मिनिटांनी पहिली जीप वेळूपाशी थांबली.

"कुठलं पावणं?" पिराजीनं विचारलं.

"हुपरीचं."

"हुपरीत कुणाच्यातलं?"

"पैंजणवाल्या गणपतरावांच्यातलं."

पिराजीनं काठी बगलेत मारली. "गणपतरावांची धाकटी भन आमच्या गावात दिलीया, ती तुमची कोण?"

"ती आमची आत्ती की."

"आत्तीच्या घरामागं आमचं घर. तिचा गुडघा धरला हुता नव्हं? आता कसा हाय?"

गुडघा आता कसा आहे, कुठल्या डॉक्टरला दाखवलं, त्या डॉक्टरपेक्षा बेळगावचा कसा चांगला, आत्तीची म्हैस व्याली का, रेडी का रेडा, हे सगळं सविस्तर झालं. मागं अकरा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पिराजीनं वेळू वर केला आणि जीप गेली.

"पैसे?" आप्पांनी विचारलं.

पिराजीनं त्यांच्याकडं असं बघितलं की आप्पांनाच लाज वाटली. "आप्पा, आत्तीच्या घरचं दूध प्यालोय मी. तिच्या भाच्याकडनं पाच रुपय मागू?"

पहिल्या तासात वेळूखालनं त्र्याण्णव गाड्या गेल्या आणि पैसे अकरा जणांनी दिले. त्या अकरा जणांत सात परराज्यातले ड्रायव्हर होते. बाकीचे ब्याऐंशी पिराजीचे साडू, साडूचे मेहुणे, मेहुण्याचे मित्र, आणि एक जण तर असा की त्याचं पिराजीशी भांडण होतं, म्हणून पिराजीनं त्याचे पैसे घेतले नाहीत. तसल्या माणसाचे पैसे हातात धरायचे नाहीत म्हणाला. रांग हायवेला जाऊन लागली. पण आप्पांनी घरात येऊन हिशेब केला आणि ते हरखले. सहाशे चाळीसवरनं त्र्याण्णव. एका दिवसात. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते धावत साहेबांच्या ऑफिसात गेले, तेव्हा साहेबांनी शांतपणे नियम दाखवला: मोजणी रस्त्यावर येणाऱ्या वाहनांची होते, बाहेर पडणाऱ्या नव्हे. रांगेत उभी असलेली पाचशे वाहनं रस्त्यावर आलीच होती. शिवाय ती परत फिरून दुसरीकडनं जाण्याची शक्यताही नव्हती, कारण ती वळूच शकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी पिराजीला फक्त वेळूवर ठेवलं आणि पैसे घ्यायला स्वतः खुर्ची टाकून बसले. मनाशी ठरवलं, कुणालाही काहीही विचारायचं नाही. मान वर करायची नाही. नुसता हात पुढं करायचा.

पहिल्याच गाडीतनं आवाज आला, "काट्यावरचं आप्पा न्हवं?"

एकतीस वर्षं जिल्ह्याचा ऊस ज्या माणसाच्या समोरनं गेला त्याला लपायला जागा कुठं? तो शेतकरी खाली उतरला आणि मागच्या गाडीवाल्याला ओरडून सांगायला लागला, "ह्यो देवमाणूस बघ. आमचं एक किलू कधी मारलं न्हाय ह्यानं." मागचाही उतरला. त्याचंही कधी मारलं नव्हतं. आता जो माणूस भर रस्त्यात तुम्हाला देवमाणूस म्हणतो त्याच्याकडनं पाच रुपये कसे घ्यायचे? उलट त्याला चहा द्यावा लागतो. आप्पांनी दोघांनाही सोप्यात बसवलं. सात वाजेपर्यंत सोप्यात एकोणीस प्रामाणिकपणाचे साक्षीदार चहा पीत बसले होते आणि त्यांच्या एकोणीस गाड्या बाहेर रस्त्यात उभ्या होत्या.

हंबीरराव म्हणाले, "कुणाशी नातं नसलेला माणूस बसवा." असा माणूस कोल्हापुरात आठ दिवस शोधून सापडला नाही. शेवटी एक बार्शीचा मिळाला, तर त्याची बायको निघाली कागलची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी आप्पांनी ते सोसलं असतं. पण मग लोक पैसे द्यायला लागले. तुम्ही म्हणाल, हे चांगलं झालं. तुम्ही कोल्हापूरचे नाही. इथं माणूस पैसे एकटा देत नाही. दोन ओळखीचे मागंपुढं आले की पुढचा म्हणायचा, दोघांचं घ्या. मागचा स्कूटर स्टँडवर लावून पळत यायचा. "सोड, मागच्या वेळी मिसळीचं तू दिलतंस." "त्याचा ह्याचा काय संबंध? हात काढ खिशातनं." एकमेकांचे हात धरून, खिसे दाबून, पंधरा मिनिटं झटापट. एकदा दोघांच्या झटापटीत तिसऱ्यानंच दोघांचे भरले, तर ते दोघे एक होऊन त्याच्यावर गेले. एका मनुष्याच्या शर्टाचा खिसा पार फाटून पिराजीच्या हातात आला, आणि त्याची पावती कुठल्या प्रतीवर करायची हे आप्पांना कळेना.

त्यात दादा लोकांना शोध लागला की टोल भरणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. फुकट काय कुणीपण जातंय. ज्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं तेसुद्धा गॉगल लावून जीप काढून पाच वाजता यायला लागले, आणि पावती पुढच्या काचेला चिकटवायला लागले. एकाच्या काचेवर सव्वीस पावत्या झाल्या. त्याला समोरचं दिसायचं नाही, पण लोकांना तो दिसायचा. "टोलनं आलो" असं लग्नाच्या मांडवात सांगितलं जाऊ लागलं. ही गर्दी बघून चिमणाबाई नावाच्या बाईनं वेळूशेजारी भज्यांची कढई मांडली. भजी चांगली होती, हेच वाईट झालं. आता काही माणसं फक्त भज्यांसाठी रांगेत लागू लागली.

श्रीशैल फोनवर म्हणाला, "आप्पा, दर वाढवा. गर्दी कमी होईपर्यंत वाढवत जायचं. शास्त्रच आहे ते." आप्पांनी साहेबांची परवानगी काढून मे महिन्यात दर सरसकट दहा केला. शास्त्र असं की दहा रुपये म्हटल्यावर दादा लोक पाहुण्यांना दाखवायला घेऊन आले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी फौंड्रीतला एक कामगार लुनावरनं आला. पन्नाशीचा असेल, तोंडावर काजळी, हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला. त्यानं पाटी वाचली. खिशातनं चिल्लर काढली, तळहातावर बघितली आणि परत खिशात टाकली. मग लुना वळवायला लागला.

"अहो जावा तसंच," आप्पा उठून म्हणाले.

"नको मालक. बाकीची देत्यात की. लांबनं जातो मी," तो म्हणाला आणि हायवेच्या त्या तुंबलेल्या गर्दीत परत गेला.

दर वाढवल्यानं कमी झालेलं तेवढं एकच वाहन. आप्पा पाटीकडं बघत राहिले. पाटी त्यांच्याच अक्षरात होती, वळणदार. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं, कारण सोप्यात तेव्हा बावीस माणसं चहाची वाट बघत बसली होती. त्या दिवशी जेवण त्यांना गोड लागलं नाही.

आणि रत्नव्वा? त्या चार वाजल्यापासनं आत स्टोव्हपाशी. सोप्यात टेबल, पावतीपुस्तकं, साक्षीदार, पाहुणे, फाटक्या खिशाचा तो मनुष्य आणि त्याला समजावणारे दोघे. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती तिथं पिराजीनं काठ्या आणि कंदील ठेवलेला. महिनाभर त्या सोप्यात टेकल्या नव्हत्या. आलेला माणूस आत डोकावून "वैनी, साखर जरा जास्त" म्हणायचा आणि त्या पाठमोऱ्याच बरं म्हणायच्या. रत्नव्वा मनापासनं वैतागल्या की त्यांच्या माहेरच्या कानडीत जातात. त्या दिवशी सव्वाशेवा कप विसळताना त्या म्हणाल्या, "साकागेद री." म्हणजे पुरे झालं. मग आप्पांना नीट कळावं म्हणून मराठीत विचारलं, "तुम्ही सोपा वाचवालायसा, का वापरून संपवालायसा?"

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी टोल बंद करायचा अर्ज दिला. कारकून म्हणाला, सुरू करण्याचा अर्ज अर्जदाराला देता येतो, बंद करण्याचा देता येत नाही. प्रयोग यशस्वी किंवा अयशस्वी ठरल्यावर तो आपोआप बंद होतो.

"अयशस्वी झालाय की," आप्पा काकुळतीला येऊन म्हणाले.

"ते तुम्ही कोण ठरवणार?" कारकून म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी मोजणी झाली. तासाला अकराशे चाळीस वाहनं. चाळीस कमी करायची होती, पाचशे वाढली होती. आप्पा आकडा ऐकून पायरीवर बसले. तेवढ्यात धैर्यशीलसाहेब हार घेऊन आले. हार आप्पांसाठी होता. जिल्ह्यात एवढ्या छोट्या रस्त्यावर एवढी वसुली कुठं झाली नव्हती, वरनं शाबासकीचं पत्र आलं होतं. प्रयोग यशस्वी ठरला होता आणि इथं कायमचा टोलनाका होणार होता. दोन रांगा, एक पैसे देणाऱ्यांची, एक ओळखीच्यांची. साहेबांनी अनुभवातनं धडा घेतला होता. मधे एक पत्र्याची खोली.

"त्यासाठी थोडी जागा लागेल," साहेब म्हणाले.

जानेवारीतला तोच माणूस तोच लाल डबा घेऊन घरात शिरला. सोप्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो सरळ आत गेला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, डब्यांच्या फळीच्या वर, बाण काढून त्यानं लिहिलं, '१७ फूट'. या वेळी त्याला चहा कुणी विचारला नाही.

तिथनं पुढचे दोन महिने आप्पांचं एकच काम झालं. रोज सकाळी दहाला छत्री घेऊन निघायचं आणि टेबलाटेबलापाशी जाऊन सांगायचं, "साहेब, नऊच फूट घ्या." कारकून एकमेकांना बोलावून त्यांना बघायला यायचे. लोक घर वाचवायला येतात, हा गृहस्थ पाडून घ्यायला आलाय. एकानं सांगितलं, टोलनाका रद्द करून मूळ रुंदीकरण कायम ठेवायचं तर मालकाचं संमतिपत्र पाहिजे, आणि ते मनापासून लिहिलेलं दिसलं पाहिजे. आप्पांनी ते लिहिलं. 'माझा सोपा नऊ फूट खोल, हवेशीर व रस्त्यास लागूनच असून गटारासाठी सर्वतोपरी योग्य आहे. तो घ्यावा ही नम्र विनंती.' हंबीररावांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाले, "आप्पा, झकास लिवलंय. कुणीपण घेईल." पत्र एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात गेलं, तिथं आठ दिवस हरवलं, पुन्हा लिहावं लागलं. दुसऱ्यांदा आप्पांनी 'प्रशस्त' हा शब्दही घातला.

आणि ऑगस्टात एका गुरुवारी हुकूम निघाला. टोलनाका रद्द. सतरा फुटांचा प्रस्ताव रद्द. फक्त नऊ फूट मंजूर.

आप्पांनी कारकुनाचे दोन्ही हात धरले. बसस्टॉपवर उतरल्या उतरल्या अर्धा किलो पेढे घेतले. पिराजीला दिला, त्यानं वेळूचे दोर सोडायला सुरुवात केली. चिमणाबाईला दिला. हंबीररावांना दोन दिले. पायऱ्या चढताना त्यांनी स्वतः एक तोंडात टाकला आणि सोप्यात आले. टेबल, पावतीपुस्तकं सगळं सकाळीच ऑफिसनं नेलं होतं. खोली मोकळी होती. रत्नव्वा कितीतरी दिवसांनी खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"मंजूर झालं," आप्पा पेढ्याचा पुडा पुढं करत म्हणाले. "नऊच फूट. स्वयंपाकघर वाचलं."

रत्नव्वांनी पेढा घेतला, पण तो हातातच ठेवला.

"आणि सोपा?" त्यांनी विचारलं.

दोन महिने आप्पांच्या डोक्यात सतरा आणि नऊ एवढे दोनच आकडे होते. नऊ म्हणजे काय, हे ते विसरून गेले होते. त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग खुर्चीत बसलेल्या बायकोकडं.

"कधी येत्यात पाडायला?" रत्नव्वांनीच पुढचं विचारलं.

"सोमवारी."

"मग पडदे काढते मी. धुऊन ठेवते. धुरळ्यात कशाला घालायचे?" त्या उठल्या, पेढा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आतनं स्टूल घेऊन आल्या. स्टुलाचा एक पाय पहिल्यापासनं हलतो. आप्पांनी पुडा खाली ठेवला, गुडघे टेकले आणि रत्नव्वा वर चढेपर्यंत स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.